तक्त्यात सिस्टरचा रकाना हवा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई



एप्रिल २०२१ मधला तो तक्ता आपल्या स्मरणात असेल. महापालिका आणि जिल्हा प्रशासनं तो रोज प्रसिद्ध करत होती. एकूण खाटा, ऑक्सिजनच्या खाटा, अतिदक्षता विभागातल्या खाटा, व्हेंटिलेटर. त्यांतल्या भरलेल्या किती आणि शिल्लक किती. लोक मध्यरात्री उठून तो बघायचे, नातेवाइकांना पाठवायचे. १८ एप्रिलला राज्यात एका दिवसात ६८,६३१ नवे रुग्ण नोंदले गेले. त्या आठवड्यात 'शिल्लक' या रकान्यावर घराघराचा जीव टांगलेला होता.

त्या तक्त्यात एक रकाना नव्हता. या खाटेजवळ उभं राहायला सिस्टर आहे का, हे त्यात कुठेच कळत नव्हतं.

हे पत्र त्या रकान्यासाठी आहे. मी सरकारी रुग्णालयाच्या आयसीयूत बरीच वर्षं काढली, नंतर परिचर्या शिकवली आणि महामारी येण्याच्या थोडं आधी निवृत्त झाले. मी शिकवलेल्या मुली आणि मुलगे त्या दोन वर्षांत राज्यभरच्या आयसीयूंत उभे होते. ड्यूटी संपली की त्यांचे फोन येत. कधी एखाद्या औषधाबद्दल विचारायचं असे, पण बहुतेक वेळा फक्त बोलायचं असे. त्यांनी जे सांगितलं आणि मला स्वतःला या कामाबद्दल जे ठाऊक आहे, त्याच्या आधाराने लिहिते आहे.

खाटेजवळ नेमकं काय चालतं ते आधी सांगते, कारण आपल्याकडे येणाऱ्या फायलींत ते लिहिलेलं नसतं.

पंचावन्न वर्षांचे एक गृहस्थ आहेत असं धरू. फुप्फुसं कोविडने निकामी होत आलेली, तोंडातून श्वासनलिकेत नळी, व्हेंटिलेटर चालू. झोपेचं औषध, स्नायू सैल करणारं औषध, रक्तदाब टिकवणारं नॉरॲड्रेनॅलिन आणि इन्सुलिन असे चार पंप शेजारी शेजारी. स्टिरॉइडमुळे साखर चढलेली, म्हणून दर तासाला बोट टोचून ती बघायची आणि इन्सुलिनचा वेग बदलायचा. नॉरॲड्रेनॅलिनची सिरिंज संपायच्या आत दुसरी भरून तयार ठेवायची. बदलताना मिनिटभर खंड पडला तरी रक्तदाब कोसळतो. नळीत कफ साठला की सक्शन, आणि सक्शन करताना ऑक्सिजन खाली येतो म्हणून नजर मॉनिटरवर. या माणसाला पापणी मिटता येत नाही. डोळे कोरडे पडून बुबुळाला जखम होऊ नये म्हणून मलम घालायचं, डोळे झाकायचे. तोंड औषधाने पुसून घ्यायचं, नाही तर तोंडातले जंतू खाली फुप्फुसात उतरतात. नाकातल्या नळीतून अन्न द्यायचं. लघवी दर तासाला मोजायची. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाही तर कंबरेवर, टाचांवर, डोक्याच्या मागे जखमा होतात. आणि हे सगळं त्या त्या वेळेला चार्टवर लिहायचं.

मग डॉक्टर सांगतात, प्रोन करा. म्हणजे पेशंटला पालथं करायचं. त्याला पाच-सहा माणसं लागतात. एकाने डोक्याशी नळी धरायची, बाकीच्यांनी दोन्ही बाजूंनी चादरीसकट उचलून एका दमात वळवायचं. त्या क्षणी नळी निसटली तर हातात दोन-तीन मिनिटं असतात. पालथं केल्यावर सुमारे सोळा तास तसंच ठेवायचं. कान दुमडला नाही ना, डोळ्यावर दाब येत नाही ना, खांदा ताणला जात नाही ना, हे पुन्हा पुन्हा बघायचं. सोळा तासांनी परत सुलटं करायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

हे सगळं नीट पार पडलं तर डोळ्यांना काहीच दिसत नाही. जखम झालेली नसते, नवा न्यूमोनिया झालेला नसतो, नळी जागेवर असते. परिचर्येचं यश असंच असतं: जे घडायचं होतं ते घडलं नाही, एवढंच. कुठल्याही अहवालात ते येत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या सिस्टरांनी अरुणा शानबाग या आपल्या सहकारी परिचारिकेला, तिच्यावर झालेल्या हल्ल्यानंतर, १९७३ पासून २०१५ पर्यंत, ४२ वर्षं सांभाळलं. एवढी वर्षं अंथरुणात असलेल्या त्या बाईंना त्यांनी बेडसोर होऊ दिला नाही. या शुश्रूषेची सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात मनापासून वाखाणणी केली. सिस्टरांच्या एका पिढीने दुसरीला ओव्हर, म्हणजे पाळीचा ताबा, द्यावी तसं हे काम हातोहात चालत राहिलं. कामाला हात होते म्हणून ते चाललं.

आता हातांचा हिशोब बघा. अतिदक्षता विभागात दर पाळीला एका रुग्णामागे एक परिचारिका, हा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. तीन पाळ्यांना तिघी. साप्ताहिक सुटी, रजा, आजारपण धरलं की एका खाटेला चारपेक्षा जास्त. दहा खाटांच्या आयसीयूला चाळीसच्या वर परिचारिका लागतात. आपल्या जिल्हा रुग्णालयांतली किती आयसीयू या हिशोबात बसतात, हे आपल्या खात्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. महामारी नसतानाही एका सिस्टरकडे तीन-चार पेशंट हे नेहमीचंच.

दुसऱ्या लाटेत माझी एक विद्यार्थिनी आणि तिची सहकारी, अशा दोघींवर एका नाईटला चौदा पेशंट होते. सगळ्यांना व्हेंटिलेटर किंवा बायपॅप, म्हणजे मास्कमधून श्वास देणारं यंत्र. तासाची साठ मिनिटं, वाट्याला सात माणसं. प्रत्येकाला साडेआठ मिनिटं. साखर, पंप, सक्शन, कूस, चार्ट, सगळं त्या साडेआठ मिनिटांत. त्यातच एकाचं हृदय थांबलं. छाती दाबायला एक, औषधं भरायला दुसरी. तेवढा वेळ बाकीच्या तेरा जणांकडे बघायला कोणी नव्हतं. त्यांतल्या एकाच्या बायपॅपचा मास्क याच वेळात सरकला. बीप ऐकू येत होती, ती म्हणाली, पण हात छातीवर होते.

ती रात्र तिला सुटत नाही. मी तिला सांगितलं की तुझी चूक नाही. ते तिलाही माहीत आहे. पण कोणाकडे आधी धावायचं हे रात्रभर ठरवत राहायचं आणि ते ओझं घेऊन सकाळी घरी जाऊन पोळ्या लाटायच्या, हे नुसत्या समजुतीच्या शब्दांनी सुटत नाही.

म्हणून माझी पहिली मागणी. यापुढे राज्यात कुठेही आयसीयूची खाट मोजायची असेल तर सिस्टरसकट मोजा. जिथे निकषाप्रमाणे परिचारिका नाही तिथे ती खाट 'उपलब्ध' म्हणून दाखवू नका. आपल्याला आकडा लहान दिसेल, विरोधक टीका करतील, लोक घाबरतील. तरीही तोच आकडा खरा असेल, आणि नियोजन करायचं ते त्याच आकड्यावर.

खाट उभी करणं सोपं आहे. वांद्रे-कुर्ला संकुलात, गोरेगावला, पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावर काही आठवड्यांत मोठमोठी केंद्रं उभी राहिली. ती उभी करणाऱ्यांचं श्रेय त्यांना आहेच. लोखंड, पाइप, पडदे यांचं कंत्राट देता येतं. आयसीयूची सिस्टर कंत्राट दिलं म्हणून तयार होत नाही. अतिदक्षता परिचर्येची पदविका एक वर्षाची आहे, आणि ती झाल्यावरही हात बसायला वेळ लागतो. मे २०२० मध्ये मुंबईसाठी केरळकडे ५० डॉक्टर आणि १०० परिचारिका मागण्याची वेळ आपल्यावर आली. खाटा तयार होत्या, माणसं नव्हती. त्याच महिन्यात कोलकात्याच्या खासगी रुग्णालयांतून तीनशेहून अधिक परिचारिका नोकरी सोडून मणिपूरला आणि इतर राज्यांत आपापल्या घरी निघून गेल्या. राहती जागा, पगार, घरच्यांची काळजी, शेजाऱ्यांची वागणूक, अशी अनेक कारणं त्यामागे होती. माझ्या एका विद्यार्थिनीला घरमालकाने दोन दिवसांत खोली रिकामी करायला सांगितलं होतं. ती वॉर्डातच राहिली.

प्रशिक्षणाची तयारी साथीच्या आधी करायची असते. जनरल वॉर्डातल्या प्रत्येक परिचारिकेला दरवर्षी काही आठवडे आयसीयूत पाठवा. तिथल्या इन्चार्ज सिस्टरच्या हाताखाली पंप, व्हेंटिलेटर, सक्शन, प्रोन यांची सवय होऊ द्या. दुसऱ्या लाटेत बाळंतपणाच्या वॉर्डातून, ओपीडीतून उचलून मुलींना एका दिवसाच्या ओळखीवर व्हेंटिलेटरसमोर उभं केलं गेलं. त्या घाबरल्या. ज्यांना काम येत होतं त्यांना स्वतःचे पेशंट सांभाळून यांच्यावरही लक्ष ठेवावं लागलं. आरोग्य खात्याची जिल्हा रुग्णालयं आपल्याकडे, वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं दुसऱ्या खात्याकडे, महापालिकांची आणखी तिसरीकडे. संकटात परिचारिका इकडून तिकडे पाठवायची तर तिचा पगार, हजेरी, विमा यांची पत्रापत्री आठवडे चालते. ही व्यवस्था शांततेच्या दिवसांत एकत्र बसून ठरवून ठेवता येईल. त्याला पैसाही फारसा लागत नाही.

पैसा लागतो तो कायम पदांना. ३ मे २०२१ रोजी केंद्राने जाहीर केलं की कोविड ड्यूटीचे १०० दिवस पूर्ण करणाऱ्यांना सरकारी भरतीत प्राधान्य मिळेल. त्यावर विश्वास ठेवून कितीतरी मुली कंत्राटावर आल्या. तीन महिन्यांचा करार, मग पुन्हा तीन महिने, लाट ओसरली की एक दिवस निरोपाचं पत्र. पुढे मे २०२२ मध्ये, बाहेरच्या संस्थांमार्फत परिचारिका भरण्याच्या निर्णयाविरुद्ध राज्यातल्या सरकारी परिचारिकांना संपावर जावं लागलं. ज्या सरकारसाठी त्या दोन वर्षं राबल्या त्याच सरकारच्या दारात त्या उन्हात बसल्या होत्या. शंभर दिवस भरलेल्यांपैकी राज्यात किती जणी कायम झाल्या, तो आकडा आपण विधिमंडळात ठेवा. मला तो कमी असेल अशी भीती आहे. जास्त निघाला तर मला मनापासून आनंद होईल.

खासगी रुग्णालयांतल्या मुलींचं तर आणखी वेगळं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशावरून केंद्राने नेमलेल्या समितीने सांगितलं होतं की ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही परिचारिकेला दरमहा २०,००० रुपयांपेक्षा कमी वेतन असू नये, आणि २०० पेक्षा जास्त खाटांच्या रुग्णालयांनी राज्य सरकारी परिचारिकांइतकं वेतन द्यावं. त्यानंतर महामारी येऊन गेली. आजही तालुक्याच्या गावी दहा-बारा हजारांवर आयसीयूची नाईट करणाऱ्या मुली मला भेटतात. रुग्णालयांची नोंदणी आणि नूतनीकरण शासनाच्या हातात आहे. त्याच वेळी वेतनाची पावती मागायला काय हरकत आहे?

२२ मार्च २०२० ला लोकांनी थाळ्या वाजवल्या, ३ मे रोजी हवाई दलाने रुग्णालयांवर फुलं उधळली. त्याबद्दल मी ज्यांना ओळखते त्यांच्यापैकी कोणाच्याही मनात कडवटपणा नाही. कित्येकींनी ते फोटो जपून ठेवले आहेत. पण किट घातल्यानंतरच्या तासांबद्दल कोणी विचारायला हवं होतं.

पीपीई किट चढवलं की सगळ्या एकसारख्या दिसतात, म्हणून छातीवर मार्करने नाव लिहायचं. आत पंखा नाही, मुंबईचा मे महिना, दहा मिनिटांत अंगावरचं सुती कापड चिंब. चष्म्यावर वाफ धरते आणि शीर शोधायची ती बोटांच्या अंदाजाने. पाणी प्यायचं नाही, कारण बाथरूमला जायचं तर किट काढून टाकावं लागतं आणि दुसरं मिळेलच असं नाही. पाळीच्या दिवसांत काय होत असेल ते आपल्या घरातल्या बायकांना विचारा. कित्येकींनी मोठ्यांचे डायपर वापरले. मूत्रमार्गाचे संसर्ग झाले, ते कोणी नोंदवले नाहीत. एन-९५ मास्कने नाकाच्या हाडावर दाबाची जखम व्हायची, ती भरायच्या आत पुन्हा तोच मास्क. सरकारी रुग्णालयांत दिवसाच्या पाळ्या सहा तासांच्या, पण रात्रपाळी अजूनही बहुतेक ठिकाणी रात्री आठ ते सकाळी आठ, बारा तासांची. चढवण्या-उतरवण्याचा वेळ वेगळा. लोकल १५ जून २०२० पर्यंत बंद होत्या. तोवर बदलापूर, विरार, पनवेलहून येणाऱ्या मुली एसटीने यायच्या. बारा तासांची नाईट आणि पुढे दोन-अडीच तास बस. घरी पोहोचल्यावर बाहेरच आंघोळ, आणि मूल दारातून बघतंय.

किट घालून काम करायची वेळ आली तर पाळी सहा तासांपेक्षा जास्त नको. त्यात मध्ये एक सुटकेचा वेळ हवा, आणि त्या वेळात पेशंट बघायला बदली सिस्टर हवी. प्रत्येक आयसीयूला लागून परिचारिकांसाठी कडी लागणारी खोली, स्वच्छ बाथरूम, प्यायचं पाणी आणि आडवं होता येईल एवढी जागा हवी. रुग्णालयाच्या आराखड्यात या खोलीला मंजुरी मिळते आणि बांधून झाल्यावर तिचं स्टोअर होतं, हे मी स्वतः पाहिलं आहे. अरुणा शानबागवर हल्ला झाला तो रुग्णालयाच्या तळघरात, ड्यूटीनंतर कपडे बदलायच्या वेळी. इतक्या वर्षांनंतरही ही मागणी पत्रातून करावी लागते.

आता एका गोष्टीबद्दल लिहायचं आहे जी फार कमी लोकांना माहीत असते. पेशंट गेल्यावर त्याच्या वस्तूंची यादी सिस्टर करते. कोविडच्या काळात नातेवाईक आत येऊ शकत नव्हते, म्हणून चष्मा, कवळी, मोबाइल, चार्जर, आधार कार्ड, बांगड्या, मंगळसूत्र, सगळं तिच्याच ताब्यात. यादीत सोनं असं लिहायचं नसतं, 'पिवळ्या धातूचं' असं लिहायचं असतं, कारण ते खरं सोनं आहे का हे ती सांगू शकत नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या. एका रात्रीत पाच-सहा मृत्यू झाले की या याद्याच दोन तास खातात. बाकीचे पेशंट जिवंत आहेत आणि तिकडे पंप वाजताहेत. एखादं डोरलं कमी भरलं की सकाळी तिच्यावरच चोरीचा संशय. एका रुग्णालयात माझ्या विद्यार्थिनीची पर्स गेटवर उघडून तपासली गेली, रात्रभर सहा जणांना जगवण्यासाठी धडपडून आल्यानंतर. तिने राजीनामा दिला. आता ती आयर्लंडला आहे आणि तिथल्या आयसीयूत काम करते.

मृतदेह गुंडाळायचा, हायपोक्लोराइट फवारायचं, बॅगची चेन ओढायची, हेही याच मुलींनी आणि वॉर्डातल्या मामा-मावशींनी केलं. घरच्यांना शेवटचं दाखवायला व्हिडिओ कॉल लावायचा, तर फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून धरायचा. पलीकडे रडणारी लेक, अलीकडे ही. तिला बोलायला शब्द नसतात, आणि फोन ठेवल्यावर पुढच्या खाटेकडे जायला तिच्याकडे मिनिट असतं.

इंग्लंडमध्ये २०२० च्या जून-जुलैत नऊ आयसीयूंतल्या ७०९ कर्मचाऱ्यांची पाहणी झाली. ४५ टक्के लोकांत तीव्र नैराश्य, तीव्र चिंता, आघातानंतरचा मानसिक विकार किंवा दारूची समस्या यांपैकी काही ना काही आढळलं. परिचारिकांत हे प्रमाण डॉक्टरांपेक्षा जास्त होतं. सुमारे १३ टक्के लोकांच्या मनात मरून गेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार वारंवार येत होते. तिथे निदान विचारलं गेलं. आपल्या राज्यात १ लाख ४८ हजारांहून अधिक माणसं कोविडने गेली आणि त्यांतल्या हजारोंच्या उशाशी शेवटी कोणी ना कोणी सिस्टर होती. अशी पाहणी महाराष्ट्र शासनाने स्वतः करावी आणि जे निघेल ते छापावं.

समुपदेशनाच्या हेल्पलाइनचा नंबर नोटीस बोर्डावर लावून हे भागणार नाही. नाईटनंतर कोणी तो फिरवत नाही. प्रत्येक मोठ्या रुग्णालयात परिचारिकांसाठी मानसोपचाराची सोय असावी, ती ड्यूटीच्या वेळेत घेता यावी, आणि तिथे कोण गेलं याची नोंद मेट्रनकडे किंवा गोपनीय अहवालात जाणार नाही याची लेखी हमी असावी. नाही तर कोणी जाणार नाही. दुसरं, ज्या पाळीत अनेक मृत्यू झाले त्या पाळीनंतर इन्चार्ज सिस्टरने आपल्या मुलींना घेऊन पंधरा मिनिटं बसावं. रात्री काय झालं ते मोठ्याने बोलावं. त्या पंधरा मिनिटांची हजेरी लागावी. आमच्या काळी आम्ही हे चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या करत होतो. पीपीईच्या आणि विलगीकरणाच्या दिवसांत मुलींकडून तेवढंही हिरावलं गेलं.

आणि काही बिघडलं की पहिला हात सिस्टरच्याच दंडाला लागतो, हेही थांबायला हवं. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागून दहा बाळं गेली. त्या प्रकरणात दोन परिचारिकांवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदला गेला. ६ नोव्हेंबर २०२१ ला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या आयसीयूत आग लागून अकरा रुग्ण दगावले. अटक झालेल्यांत एक डॉक्टर होत्या आणि तीन परिचारिका. खटल्यांत जे ठरायचं ते न्यायालय ठरवेल, त्याबद्दल मी बोलत नाही. त्या बाळांच्या आयांचं आणि त्या रुग्णांच्या घरच्यांचं दुःख माझ्या कुठल्याही शब्दापेक्षा मोठं आहे. पण वीजयंत्रणेची तपासणी, अग्निशमनाची व्यवस्था, सुटकेचा दरवाजा, यांतली एकही गोष्ट सिस्टरच्या सहीने मंजूर होत नाही. त्या फायलींवर ज्यांच्या सह्या असतात त्यांची चौकशी आधी व्हावी. ड्यूटीवरची मुलगी समोर असते, गणवेशात असते, तिला पकडणं सोपं असतं.

महाराष्ट्राला साथीचा इतिहास नवा नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला, पुढे पुण्यात आला. ४ फेब्रुवारी १८९७ ला इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. लोकांना घरातून काढायचे, तपासायचे, बंद करायचे अधिकार त्यात होते. शुश्रूषा करणाऱ्यांबद्दल काही नव्हतं. त्याच दिवसांत सावित्रीबाई फुले पुण्याजवळ मुलगा यशवंत यांच्या दवाखान्यात प्लेगचे रुग्ण सांभाळत होत्या. मुंढव्याहून एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर उचलून आणलं, त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. तोच कायदा २०२० मध्ये पुन्हा लागू झाला. आरोग्य कर्मचाऱ्यांवर हात उगारणाऱ्याला शिक्षेची तरतूद त्यात यायला एप्रिल २०२० चा अध्यादेश यावा लागला, म्हणजे १२३ वर्षं. हल्ल्यापासून संरक्षण मिळालं, ते चांगलंच झालं. थकव्यापासून, कंत्राटापासून, एकीमागे सात पेशंटपासून संरक्षण देणारं कलम अजून त्यात नाही. राज्य सरकारला स्वतःचा नियम करायला कोणी अडवलेलं नाही.

शेवटची गोष्ट. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने संसदेत सांगितलं की कोविडने मेलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांची माहिती केंद्राकडे नाही, आरोग्य हा राज्यांचा विषय आहे. तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनने ३८२ डॉक्टरांची यादी जाहीर केली. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात ८०,००० ते १,८०,००० आरोग्य कर्मचारी कोविडने गेले. त्यांत महाराष्ट्राच्या परिचारिका किती, त्यांची नावं काय, त्या कोणत्या रुग्णालयात, कायम की कंत्राटी, केंद्राच्या योजनेतला ५० लाखांचा विमा त्यांच्या घरी पोहोचला की एखाद्या कागदावर अडला? विषय राज्याचा आहे, तर उत्तरही राज्याचं. अधिपरिचारिका, एएनएम, खासगी रुग्णालयातल्या, सगळ्यांची नावं गोळा करा, यादी शासनाच्या नावाने प्रसिद्ध करा आणि जे दावे अडले आहेत ते येत्या १२ मे पर्यंत, परिचारिका दिनापर्यंत, निकाली काढा. त्यांची मुलं शाळेत आहेत, फी भरायची आहे.

आपली,
एक निवृत्त परिचर्या शिक्षिका